स्टुडिओवाल्या काकांना अनावृत पत्र

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं काका. गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या बाजूला ज्यांनी कधी पासपोर्ट फोटो काढला असेल, त्यांना कळेलच कोण ते.

मी काढलेले सारस पक्ष्यांचे फोटो पाहिले की लोक पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याचा. एवढ्या ओलीत तो टिकला कसा? दरवेळी तुमची अख्खी शिकवणी सांगत बसावी लागते. आता हे पत्रच पुढे करीन.

आम्ही अकोल्याची माणसं. वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उन्हाची सवय, ओलीची नाही. तुमच्याकडे १,२००च्या वर, आणि रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत दोरीवरचे कपडेसुद्धा वाळायचं नाव घेत नाहीत. सारस नेमका याच दिवसांत पाणी भरलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घरटं करतो, आणि राज्यात तो आता जवळपास गोंदिया-भंडाऱ्यापुरताच उरलाय. तेव्हा यायचं तर भर पावसाळ्यातच.

निघायच्या आदल्या दिवशी फोनवर मी तुम्हाला रेनकव्हर, छत्री, प्लास्टिक अशी यादी वाचून दाखवली, तर तुम्ही म्हणालात, “पावसाचं सोड पोरी. गाडीत एसी आहे का?” विदर्भ एक्सप्रेसचा एसी डबा होता. मग तुम्ही सांगितलंत, की डब्यात चढल्यावर कॅमेरा पॉलिथिनच्या पिशवीत घाल, हवा काढून गच्च गाठ मार, आणि गोंदियाला उतरल्यावर तासभर तरी गाठीला हात लावू नको. फलाटावर पाय ठेवला तर माझा चष्मा पांढरा! गार काचेला दमट हवा लागली की पाणी तिथेच धरतं. कॅमेऱ्याच्या वाटचं पाणी त्या पिशवीने बाहेरच्या अंगावर घेतलं. आतला कॅमेरा बाहेरच्या हवेइतका कोमट होईस्तोवर ती तशीच बांधलेली राहिली. स्टेशनावर ओळखीच्या एका मुलाने बॅगेची चेन ओढली तेव्हा तुम्ही लांबूनच ओरडलात, “काहून उघडून राहिला बे?” त्यालाही माझा नमस्कार, बिचारा मदतच करत होता.

तुमचं ते लोखंडी कपाट मी विसरणं शक्य नाही. रोलच्या जमान्यातलं, खालच्या कप्प्यात मिणमिणता बल्ब, आणि तो दिवसरात्र चालू. मला वाटलं देवघर आहे. नावाला झिरोचा, पण १५ वॉट खाणारा तारेचा बल्ब. एलईडी फारसा तापत नाही म्हणून तो इथे कुचकामी, आणि म्हणूनच जुने बल्ब तुम्ही खोकंभर जमवून ठेवलेत. घरी येऊन मी हिशेब केला. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, आणि कपाटातली हवा पाच अंशांनी जास्त गरम असेल, तर आतली आर्द्रता ६४ टक्क्यांपर्यंत उतरते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेची पाणी धरायची ताकद वाढते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर रेंगाळली की भिंगावर बुरशीला फावतं; ४० ते ५० टक्के सगळ्यात बरं. बल्बाने ते ५० गाठता येत नाही, हे तुम्हीही मान्य केलंत. तुमच्याकडची लाईट तर काय, रात्रीतून कितीदा जाते ते तुम्हालाच ठाऊक. म्हणून माझ्यासाठी तुम्ही झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, छोटं आर्द्रता मापक आणि सिलिका जेल काढून दिलंत.

तेही निळं नाही, नारिंगी. निळ्याचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, आणि ते विषारी. लेकराबाळांच्या घरात नको, हे तुम्हीच सांगितलंत. ओल पिऊन नारिंगी दाणे हिरवट पडले, की जुन्या कढईत अगदी मंद आचेवर परतायचे, रंग परत आला की उतरवायचे. जास्त तापले तर करपून वाया जातात. आणि निवायला उघड्यावर ठेवायचे नाहीत, नाहीतर निवता निवताच पुन्हा ओल पितात. त्या कढईवर तुमच्या हातचं ‘स्वयंपाकाची नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि काकूंनी ते दोनदा गिरवलेलं दिसलं.

मोबाइल भिजला की तांदळात खुपसायची सवय आपल्या सगळ्यांनाच. तांदळाच्या जिल्ह्यात बसून तुम्ही मात्र तांदळाला नावं ठेवलीत. त्याची भुकटी फटींमध्ये जाते, आणि पावसाळ्यात त्यालाच सोंडे लागतात, तो बिचारा दुसऱ्याची ओल काय ओढणार!

मग तुम्ही ड्रॉवरमधून ते जुनं भिंग काढलंत आणि टॉर्च तिरपा धरलात. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी साफ करता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो डाग जन्माचा. ते लेन्स पावसात एकदाही भिजलेलं नव्हतं. चामड्याच्या केसमध्ये, बंद कपाटात, नीट जपून ठेवलेलं होतं. मला वाटतं, तुमच्याकडून घेण्यासारखं जे होतं ते सगळं या एका भिंगात आलं. मी यादी केली होती आभाळातून पडणाऱ्या पाण्याची, आणि तुम्ही बोलत होता बॅगेत मुक्कामाला येणाऱ्या पाण्याबद्दल.

बांधीवर फार काही करावं लागलं नाही. लेन्सवर भोक पाडलेली पिशवी रबराने आवळली, आणि घरट्यापासून लांब, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहिले. झूम उगाच आतबाहेर करायचा नाही हे पथ्य पाळलं, कारण लांब होणारं लेन्स प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढतं. रात्री सगळं सुती कापडाने पुसून पंख्याखाली, मग डब्यात. रिकामी बॅग वेगळी वाळवायची, ओल्या बॅगेत काही परत भरायचं नाही.

निघताना तुम्ही एक बोललात ते मला तेव्हा पटलं नव्हतं: “आता उन्हाळ्यात तुझ्या अकोल्यात सांभाळ.” आमच्याकडे ४५ अंशांत ओल कुठली? मेमध्ये मापक अंगणात ठेवलं तर २०च्या खाली, आणि वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावलेल्या खोलीत ७०! दारं-खिडक्या लावून घेतल्या की तुमची रोवणीच आमच्या बैठकीत. त्या दिवसापासून डबा कूलर नसलेल्या खोलीत गेला. बाहेर नेताना बंद गाडीतही कॅमेरा ठेवत नाही. पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच वापरा असं छापलंय, आणि उन्हातली गाडी ते केव्हाच ओलांडते. बॅटऱ्या तर जवळच बाळगते.

तुम्ही माझ्याकडून एक पैसा घेतला नाही, वर काकूंनी डबा भरून दिला. म्हणून नारिंगी जेलची किलोभर पिशवी आणि तारेचे सहा बल्ब कुरिअरने पाठवलेत. बल्ब मिळवायला अकोल्याचं अर्धं मार्केट पालथं घातलं. परत पाठवलेत तर मी स्वतः घेऊन येईन, आणि मग आठ दिवस तरी हलणार नाही.

काकूंना नमस्कार.

आपली,
अकोल्याची पोरगी