जैसलमेरचा आराखडा लाल शाईने सुधारून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जैसलमेर सहलीचा आमचा आराखडा तुम्ही लाल शाईने रंगवून परत पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र मुद्दाम उघडं लिहितो आहोत. दिवाळी सरली की मराठी माणसं झुंडीने तिकडे निघतात आणि बहुतेकांच्या हातात आमच्यासारखाच कागद असतो: तीन दिवस, चौदा ठिकाणं, प्रत्येकाला तासभर. तुमच्या दुरुस्त्या आमच्या मंडळाच्या फायलीत पडून राहण्यापेक्षा त्यांच्या उपयोगी पडाव्यात.

समासात तुम्ही लिहिलं होतं, "आधी ऊन कुठून येतं ते बघा, मग ठिकाण लिहा." डिसेंबरात तिथे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. उजेड जेमतेम साडेदहा तास, त्यातले भर दुपारचे दोन-तीन तास डोळे दिपवणारे. आम्ही पहिला दिवस नऊ वाजता, नाश्ता आटोपून सुरू केला होता. तुम्ही तो सात वाजता गडीसर तलावावर नेऊन ठेवलात. त्या वेळी पाण्यातल्या घुमटाकार दगडी छत्र्यांमागून सूर्य वर येतो, आणि जरा वेळाने मागे वळून पाहिलं की किल्ल्याचा पिवळा दगड उजळत जाताना दिसतो. गावाला कित्येक शतकं पाणी पुरवणारा हा तलाव. काठावरची देखणी कमान तिलोन नावाच्या गणिकेने बांधली म्हणतात. राजाने ती पाडू नये म्हणून तिने वर कृष्णाचं मंदिर बसवलं, अशी गोष्ट गावात सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, युक्ती चोख आहे.

तिथून आठच्या आत किल्ला. 1156 साली रावळ जैसल यांनी त्रिकूट टेकडीवर वसवलेला, 99 बुरुजांचा, आजही लोक राहत असलेला. अखै, सूरज, गणेश आणि हवा अशा चार पोळी ओलांडून दसरा चौकात पोचायचं. (पोळ म्हणजे दरवाजा. मराठी माणूस वळू समजतो; आत गेल्यावर गल्लीत तेही भेटतात.) चढावरची फरसबंदी शेकडो वर्षांच्या वर्दळीने गुळगुळीत झाली आहे. चपटा प्लास्टिकचा तळ असलेली चप्पल तिथे हमखास घसरते, त्यातून उतरताना जास्त. रबरी तळाचे बूट हवेत, ही ओळ तुम्ही दोनदा अधोरेखित केली होती. जैन मंदिरं बाहेरच्यांना सकाळच्या वेळातच पाहता येतात, म्हणून किल्ल्यातलं पहिलं काम तेच. चामड्याचा पट्टा आणि पाकीट आधीच खोलीवर ठेवून यावं, नाहीतर दारात खिसे रिकामे करत बसावं लागतं. मंदिरांनंतर तटाच्या माथ्यावर रचून ठेवलेले दगडी गोळे आणि लांबट लोळे बघायचे. ते शोभेचे नाहीत. शत्रू चढू लागला की वरून ढकलायचे, यासाठी ते तिथे आहेत.

तुमची सगळ्यात मोठी दुरुस्ती मुक्कामाची. किल्ल्याच्या आतल्या, झरोक्याच्या खोलीवर आमचा फार जीव होता. तुम्ही तिच्यावर काट मारून "मुक्काम खाली गावात" असं लिहिलंत आणि कारणही दिलंत. 2013 साली राजस्थानच्या ज्या सहा डोंगरी किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत जैसलमेर आहे. पण याच किल्ल्याच्या पायाखालची जमीन ओली होते आहे. वालुकाश्माच्या खाली चिकणमातीचे थर आहेत. डोक्यावरून घडाभर पाणी आणायचं अशा काळात बांधलेल्या घरांत नळ आले, संडास-न्हाणी आल्या, मग पाहुण्यांच्या खोल्यांना शॉवर लागले. सांडपाणी झिरपून माती फुगते, मऊ होते, वरचा दगड सरकतो. बुरुज आणि भिंती ढासळल्या त्या अशा, आणि तेही वर्षाला 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस न पडणाऱ्या गावात! खाली राहून किल्ला पाहायला गेलं तर काही कमी पडत नाही. उलट संध्याकाळी गच्चीवरून तोच किल्ला समोर दिसतो, आत राहणाऱ्याला तो दिसतच नाही.

हवेल्यांबद्दल थोडक्यात. पटवों की हवेली म्हणजे एक वाडा नव्हे, पाच वाडे आहेत. बांधकाम 1805 मध्ये सुरू झालं, आणि सगळे आतून पाहता येतात असं नाही. एकच आत जाऊन नीट बघावा, बाकीचे गल्लीतून. सालिम सिंहाच्या हवेलीचा वरचा मजला बाहेर झेपावलेला असल्यामुळे ती दुरूनच चांगली दिसते. नथमलच्या हवेलीसमोर मात्र दारातल्या दोन दगडी हत्तींच्या मधोमध उभं राहा आणि डावी-उजवी बाजू ताडून बघा. दोन भावांनी एकेक बाजू कोरली, असं सांगतात. पहिल्या नजरेला दोन्ही सारख्या, मग एकेक फरक दिसू लागतो. सहलीत मुलं असतील तर हा खेळ अर्धा तास सहज चालतो.

कुलधऱ्याला आम्ही "भुताचं गाव, सायंकाळी 6" लावलं होतं. अंधार पडल्यावर तिथे थांबू देत नाहीत हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. तुम्ही ते सकाळी आणलंत आणि भूत काढून त्या जागी "खडीन" लिहिलंत. या एका शब्दासाठी वेगळे आभार. कुलधऱ्यातल्या आणि आसपासच्या पालीवाल ब्राह्मणांनी गावं का सोडली, याच्या कथा गाइड रंगवून सांगतो: दिवाण सालिम सिंहाचा जुलमी कर, एका रात्रीत उठून गेलेली माणसं. पण ही माणसं त्या ओसाडीत जगत कशी होती, हे सहसा कोणी सांगत नाही. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी उताराच्या पायथ्याशी लांबच लांब मातीचा बांध घालून अडवायचं. बांधाला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बांध न फोडता पुढे जातं. पाणी आठवडेच्या आठवडे जमिनीत मुरू द्यायचं, उरलेलं सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पुढे एकही पाळी पाणी नाही. बांधाच्या आतल्या बाजूची जमीन गाळाने सपाट झालेली असते आणि रंग बाहेरच्या मातीपेक्षा गडद दिसतो. खडीन ओळखायची खूण तीच. गावापासून सतरा-अठरा किलोमीटर जाऊन फक्त पडक्या भिंतींपुढे फोटो काढून परतणं म्हणजे पैसे पाण्यात. तेही तिथे!

बाडमेर रस्त्यावरचं आकल जीवाश्म उद्यान आम्ही बाराला ठेवलं होतं. सुमारे 21 हेक्टर उघडं माळरान, सावली म्हणाल तर दगड झालेल्या ओंडक्यांवरच्या पत्र्यांची. 18 कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं. आता ते साडेआठला आहे, आणि "खडा उचलायचा नाही" ही सूचना सोबत.

वाळूबद्दल तुम्ही पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं होतंत. वाळूच्या टेकड्या बघायच्या त्या सम किंवा खुरी या गावांजवळ, दोन्ही चाळीसेक किलोमीटरवर. समला तंबूंची रांग, लाउडस्पीकर, वाळूवर उड्या मारणाऱ्या जीप. खुरीला गर्दी कमी. आमच्यातल्या तरुणांचं मत समकडे होतं, पण तुमचं ऐकलं.

उंटाचं तुम्ही सांगितलंत ते सगळ्यांनी पाठ करावं. बसलेला उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार पुढे फेकला जातो. त्या क्षणी मागे रेलायचं. लगेच पुढचे पाय उठतात, तेव्हा थोडं पुढे यायचं. उतरताना उंट आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणून पुन्हा मागे रेलायचं. पडणारे बहुतेक उतरताना पडतात, कारण फेरी संपली म्हणून हात सोडून फोन काढलेला असतो. पलाणाला रिकीब आहे का ते आधी विचारावं. नसेल तर पाय लोंबकळत राहतात आणि तासाभरात मांड्या, गुडघे बोलू लागतात. खाली जाड गोधडी दुहेरी घालून घ्यावी. पहिल्यांदा बसणाऱ्याला एक तास पुष्कळ, दीड तास फार. नाकातल्या नथीजवळ जखम दिसली किंवा उंट लंगडत असला, तर तो उंट नको म्हणायचं; घासाघीस भाड्यावर करण्यापेक्षा इथे करावी.

चालायचं ते वाऱ्याच्या बाजूने, जिथे वाळूवर बारीक लाटा उमटलेल्या असतात. ती बाजू वाऱ्याने दाबलेली, टणक असते. पलीकडचा उतार 30 ते 34 अंशांचा, नुकत्याच घरंगळलेल्या सैल वाळूचा. दोन पावलं वर टाकली की एक खाली येतं. म्हणून चढ टणक बाजूने, उतरण सैल बाजूने. भुरट गवताची काटेरी बोंडं लोकरी मोज्यांना अशी चिकटतात की मोजेच टाकून द्यावे लागतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची विजार घालावी. या भागात फुरसं हा विषारी साप असतो, त्यामुळे रात्री तंबूबाहेर पाय टाकण्याआधी बॅटरी आणि सकाळी बूट झटकून मगच पाय आत. हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही, तो अंगावर वाळून जातो. म्हणून हिवाळ्यातही माणशी तीन लिटर पाणी, तहान लागो न लागो. आणि दुपारी टी-शर्टवर हिंडणाऱ्याला रात्री कानटोपी लागते. डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, वाळू ऊन धरून ठेवत नाही.

स्वतःची गाडी वाळूत घालणाऱ्यांसाठी तुमची टीप जशीच्या तशी: नेहमीची 32-35 पीएसआय हवा 18 पर्यंत उतरवा, म्हणजे टायर पसरून जास्त वाळूवर टेकतो. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही, असं झालं की अ‍ॅक्सिलरेटर सोडा. दाबत राहिलात की चाक स्वतःची कबर खणतं. चाकापुढची आणि मागची वाळू हाताने काढा, आलात त्याच चाकोरीतून मागे या. डांबरी रस्त्यावर पुन्हा हवा भरेपर्यंत हळू चालवा.

इथे तुम्ही लोंगेवालाची आठवण दिलीत ती फार समर्पक. 1971 च्या 4-5 डिसेंबरच्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने चौकी धरून ठेवली आणि उजाडल्यावर आपल्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाडे टिपले. त्या रणगाड्यांतले कित्येक मऊ वाळूत रुतलेले होते. सीमेजवळचं तनोट मातेचं मंदिर आणि लोंगेवाला मिळून पूर्ण दिवस जातो, जैसलमेरहून तनोटलाच 120 किलोमीटर. आम्ही ते दुपारच्या जेवणानंतर लावलं होतं! आता सकाळी सहाला निघायचं, टाकी आदल्या रात्रीच भरलेली, ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात.

शेवटी माळढोक. तिथे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा तो राज्यपक्षी. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्यालाही तो घरचा वाटतो. 3162 चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात आम्ही त्याला एक तास दिला होता. तुम्ही सबंध सकाळ दिलीत आणि "दिसला नाही तर तक्रार करायची नाही" अशी अट घातलीत. गाडीतून उतरायचं नाही, त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून बोलवायचं नाही, दिसला की गाडी थांबवून दुर्बिणीतूनच बघायचं. जड अंगाचा, समोरचं नीट न दिसणारा पक्षी. विजेच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत आणि वळायलाही जमत नाही. तारांवर लटकणाऱ्या चकत्या कशासाठी असतात ते मुलांना त्या सकाळीच दाखवता येईल.

तुम्ही कापलेली पाच ठिकाणं आम्ही गुपचूप परत घातलेली नाहीत. बडा बाग, म्हणजे राजघराण्याच्या समाधी-छत्र्या, तेवढं ठेवलंय, परतीच्या दिवशी सकाळी पाऊण तास. सहाच किलोमीटर आहे. छत्र्यांतल्या शिळांवर घोड्यावरचा राजा आणि शेजारी उभ्या राण्या कोरल्या आहेत, त्या बघायच्या आणि स्टेशन गाठायचं. घोटुआं लाडू वाटेत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. खुरीची रात्र पौर्णिमेला ठेवावी की अमावस्येला? चांदण्यात वाळू बघायची म्हणावी तर तारे जातात, आणि माघी पौर्णिमेला मरू महोत्सवाची गर्दी असते. आमचा कल मार्गशीर्ष अमावस्येकडे आहे. दोन्ही तारखांचा कोरा कागद सोबत जोडला आहे. लाल शाई चालेल.

आपले,
सहल आखणारी मंडळी