दुबईत लागणारा कॉल

पुणे,
१५ जून २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ कॉलचे स्काइप बंद झाल्यापासून आपली रविवारची बैठक मोडली, आणि पुणे, आटपाडी, दुबई, म्युनिक आणि एडिसन अशा पाच ठिकाणी पांगलेल्या आपल्या पाच जणांसाठी "आता काय वापरायचे ते तूच बघ" असे सांगून तू मोकळा झालास. महिनाभर त्यात डोके घालून जे ठरवले ते सविस्तर लिहितो, कारण ग्रुपवर दोन ओळी टाकल्या असत्या तर म्युनिककराने त्यावर चाळीस शंका काढल्या असत्या.

५ मे रोजी स्काइप बंद पडले तेव्हा मला आधी आठवली ती तुझी आई. तू अमेरिकेत एडिसनला गेल्यावर सांगलीतल्या सायबर कॅफेत मी तिला घेऊन जात असे. ठेवणीतले इरकली नेसून, कानांवर हेडफोन चढवून ती ताठ बसायची, आणि तुझा धूसर चेहरा उमटला की पडद्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडायची. आम्ही उठलो की कॅफेवाला पोरगा मुकाट्याने फडके घेऊन काचेवरचे ठसे पुसायचा. २००३ साली सुरू झालेली ही सेवा मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतली होती. एवढ्या मोलाची वस्तू मोडीत निघते म्हटल्यावर आपण निवडू ती जन्मभर टिकेल, ही आशा मी आधीच सोडून दिली.

"व्हॉट्सॲप सगळ्यांकडे आहेच, मग शोधायचे कशाला?" असे आटपाडीकराचे म्हणणे होते आणि ते वावगे नव्हते. त्यावर एका वेळी ३२ जण बोलू शकतात, वेळेचे बंधन नाही, आणि बोलणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असल्यामुळे खुद्द कंपनीलाही ते ऐकता येत नाही. घोडे अडले ते दुबईत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात, कॉल मात्र लागत नाहीत, कारण इंटरनेटवरून बोलण्याची सेवा तिथे सरकारी परवानगीविना चालवता येत नाही. ॲपलच्या फेसटाइमचीही तिथे तीच गत आहे. तुझ्या आयफोनप्रेमाचा मान राखून तोही पर्याय मी तपासला होता. २०२१ पासून फेसटाइमची लिंक अँड्रॉइडवाल्यालाही ब्राउझरमध्ये उघडता येते, पण कॉल सुरू करायला ॲपलचेच यंत्र लागते.

म्युनिककराने लगेच व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता लपवणाऱ्या सोयीचा, तोडगा सुचवला. गुन्हा करण्यासाठी किंवा तो झाकण्यासाठी आपला आयपी पत्ता लपवणाऱ्याला अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात तुरुंगवास किंवा किमान ५ लाख दिरहम दंड सांगितला आहे. आपल्या गप्पा त्यात बसतात की नाही, याचा निवाडा दुबईकराची नोकरी पणाला लावून करून घेण्याची माझी तयारी नाही. पाचांपैकी ज्याचे हात सर्वांत जास्त बांधलेले आहेत, त्याला जे चालेल तेच आपण सर्वांनी घ्यायचे, असे मी तेव्हाच ठरवले.

तिथे चालणाऱ्यांत झूम, मायक्रोसॉफ्टचे टीम्स आणि गूगल मीट येतात. टीम्सचे नाव काढताच, ऑफिसात आठवडाभर तेच उघडे असते, निदान सुट्टीला तरी ते नको, असे दुबईकर म्हणाला आणि मी वाद घातला नाही. झूमवर मोफत खात्याची बैठक ४० मिनिटांत आटोपते, आणि आपल्या म्युनिककराला मुद्द्यावर यायलाच अर्धा तास लागतो. मीटवर तिघे किंवा अधिक जण असले तर ६० मिनिटे मिळतात. शिवाय आटपाडीकराच्या फोनवर गूगलचे खाते आधीपासूनच असल्यामुळे नव्या पासवर्डचा घोळ नाही, म्हणून मीटच ठरवले. एक उणीव मात्र ध्यानात ठेव. मीटच्या बैठकीतले बोलणे वाटेत कूटबद्ध असले तरी व्हॉट्सॲपप्रमाणे टोकापर्यंत तसे राहत नाही, म्हणून घरातले काही नाजूक बोलायचे असेल तेव्हा आपण दोघे व्हॉट्सॲपवरच बोलू.

गेल्या रविवारी रंगीत तालीम झाली. तू नव्हतास, म्हणून सांगतो. आटपाडीकर ओसरीवर एका फोनवर आणि वहिनी त्याच्याच शेजारी, पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या दुसऱ्या फोनवर, असे दोघेही बैठकीत शिरले. एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये घुसून अशी कर्कश शिट्टी उठली की मागे बांधलेल्या म्हशीने दावे ताणले, हे आम्ही तिघांनी तीन देशांतून पाहिले. तेव्हा एका घरात एकच फोन. रेंज गेली की आटपाडीकराने स्वतःचा कॅमेरा बंद करायचा, आणि तेवढ्याने भागले नाही तर आपणही करायचे, कारण चार जणांची चित्रे उतरवून घेण्याचा भार त्याच्याच नेटवर पडतो. त्याचा आवाज आला म्हणजे झाले, त्याचे तोंड आपण वसतिगृहात चार वर्षे पाहिले आहे.

वेळ आमची संध्याकाळी साडेसात ठरली आहे. तेव्हा दुबईत सहा, म्युनिकला चार आणि तुझ्याकडे सकाळचे दहा वाजलेले असतील. २ नोव्हेंबरपासून तुमची घड्याळे हिवाळ्यासाठी तासभर मागे गेली की तुझ्याकडे नऊच वाजतील, त्या वेळी कुरकुर करू नकोस. कॅलेंडरमध्ये दर रविवारची नोंद मी केली असून लिंक प्रत्येक वेळी तीच राहील. आणि बसताना खिडकीकडे तोंड करून बस. म्युनिककर तिच्याकडे पाठ करून बसला होता आणि आम्ही तासभर एका काळ्या आकृतीशी बोलत होतो.

तुझा,
पुणेकर