बोटे प्रेसवर गेली, कागदावर 'घरी लागले'

संपादक महोदय,

माझ्या धाकट्या भावाच्या केस पेपरवर लिहिले आहे, 'घरी दारात हात सापडला.' आमच्या दिघ्यातल्या खोलीचे दार पत्र्याचे आहे, एका हाताने उचलून बाजूला ठेवता येईल इतके हलके. भावाच्या उजव्या हाताची दोन बोटे मुळापासून गेली ती रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये, पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, रात्रपाळीत. दवाखान्यात नेताना सुपरवायझर रिक्षात सांगत होता, 'पोलिसांची भानगड नको, घरी लागलं म्हण, शेठ सगळं बघतील.' अर्धमेल्या माणसाने मान हलवली.

शेठनी दवाखान्याचे बिल भरले, वर साठ हजार दिले आणि 'यापुढे काही मागणे नाही' असा बाँडपेपर पुढे केला. उजवा हात बांधलेला, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. त्या ठशाच्या भीतीने आम्ही दहा महिने गप्प बसलो. मी अंगणवाडी सेविका आहे. मुलाचे वजन त्याच दिवशी नोंदवले नाही तर पुढे काय होते हे मला चांगले कळते, आणि भावाच्या कागदांकडे मात्र मी वेळेत पाहिले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

ठाण्याच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले की अशा कागदाने हक्क जात नाही. भावाच्या अपघातावेळी लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो. मग त्यांनी माझ्यासमोर हिशेब मांडला. भावाला महिना साडेसोळा हजार मिळत, पण तो कायदा पगार १५,००० पर्यंतच धरत होता. त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००. वय ३५, त्या वयासाठी कायद्याच्या तक्त्यातला गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०. एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची क्षमता २० टक्के कमी झाली असे त्या कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले आहे, म्हणून ३,५४,७०८ रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. आणि आम्ही साठ हजारांसाठी शेठचे आभार मानले होते!

'तुझंच लक्ष नव्हतं' हे भावाला शेडमध्ये इतक्यांदा ऐकवले गेले की तोही तेच म्हणू लागला होता. नुसत्या निष्काळजीपणाने भरपाई बुडत नाही. दारू पिऊन काम केले, किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकले, अशा गोष्टी मालकाला सिद्ध कराव्या लागतात. या प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून लावायचा गार्ड मुळात नव्हताच.

त्या शेडमध्ये सातच कामगार होते, म्हणून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, नव्हता. दहा किंवा अधिक कामगार असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर मार्ग ईएसआयचा. तिथे कामावर असताना लागले तर उपचार होतात, बरे होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि कायमचे अपंगत्व आले तर दरमहा पेन्शन. ईएसआय आणि मालक, दोन्हीकडून भरपाई मागता येत नाही. त्यामुळे आपला ईएसआय नंबर आहे की नाही, हे कामाला लागल्याच्या आठवड्यातच विचारावे.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे. आम्ही अकराव्या महिन्यात दावा लावला. तो अजून चालू आहे. मालकाचा वकील तोच केस पेपर पुढे करतो. आमच्या बाजूने उभा आहे तो शेजारच्या मशीनवरचा मुलगा, आणि भावाने त्याच रात्री डाव्या हाताने शेठना पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज: 'प्रेसवर हात गेला'. खाली शेठचे उत्तर, 'उद्या बघतो'. तेवढा मेसेज नसता तर आमची गोष्ट कोण खरी मानणार होते?

कामावर घेतानाच भरपाईचा हक्क कामगाराला कळेल अशा भाषेत लेखी सांगण्याची जबाबदारी २०१७ पासून मालकावर होती. भावाला तसा कागद कुणी दिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तिची माहिती तरी कामगार विभागाने दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत प्रत्येक शेडच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लावून घ्यावी. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, अपघात कुठे झाला हे जखमी माणसाला सुपरवायझर बाहेर गेल्यावर विचारा.

– एक अंगणवाडी सेविका, दिघा, नवी मुंबई