झांज हलली पाहिजे

संपादक महोदय,

टीव्हीवर बॅण्ड दिसला की ‘हे कुठे खरं वाजवतात’ म्हणून लोक मोकळे होतात. अमेरिकेत टीव्ही मालिकेसाठी जमवलेल्या ‘द मंकीज’ या चौघांच्या बॅण्डवर हा शिक्का साठेक वर्षांपासून आहे, तोही अर्धवट माहितीवर. सप्टेंबर १९६६ मध्ये त्यांची मालिका सुरू झाली. त्यातला मिकी डोलेन्झ मूळचा ड्रमर नव्हताच. लहानपणापासून पडद्यावर वावरलेला नट, गाणारा, गिटार वाजवणारा. ड्रमरची भूमिका मिळाली म्हणून तो ड्रम शिकला, आणि उजव्या हाताचा असून बास ड्रम डाव्या पायाने वाजवू लागला. डिसेंबरात तो मंचावर, भरल्या प्रेक्षागृहासमोर प्रत्यक्ष वाजवत होता. पहिल्या दोन अल्बमवर बहुतेक वादन स्टुडिओतल्या वादकांचं आहे, हे खरं. पण १९६७ च्या ‘हेडक्वार्टर्स’ या अल्बमवर चौघांनी बहुतांश स्वतः वाजवलं, आणि तो हक्क त्यांनी भांडून मिळवला होता.

मुळात कॅमेऱ्यासमोर ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावून त्याबरोबर वाजवणं हे वेगळंच काम आहे. फुटाळा तलावावर किंवा कॉलेजच्या मैदानात गाण्याचे व्हिडिओ करणारी आपली नागपूरची मुलं नेमकी इथेच फसतात. स्पीकर कॅमेऱ्याजवळ ठेवतात आणि ड्रमर पार मागे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीस मीटरवरच्या ड्रमरला ठोका जवळपास ६० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. काठी दीड फ्रेम मागे पडली की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं. त्यासाठी एक छोटा स्पीकर ड्रमरच्या पायाशीच हवा. ट्रॅकच्या आधी चार ठोके जोडून घ्यावेत. गाणं मधूनच घ्यायचं असेल तर दोन आवर्तनं आधीपासून वाजवावं, नाहीतर पहिली सम हमखास चुकते.

दुसरी चूक हळू वाजवण्याची. ट्रॅक ऐकू यावा म्हणून ड्रमर काठी नुसती टेकवतो. मग ट्रॅकमध्ये क्रॅश झांजेचा दणका ऐकू येतो आणि समोरची झांज जागची हलत नाही, खांदाही स्थिर. यावर उपाय साधा आहे. ड्रमच्या आत जुनी सुती चादर कोंबावी, झांजेला खालून चिकटपट्टीचे दोन-तीन तुकडे लावावेत आणि पूर्ण हाताने मारावं. आवाज दबतो, झांज मात्र डोलते. गिटारवाल्याने कॉर्ड खरेच धरावेत, कारण क्लोजअप डाव्या हाताचाच घेतात. आणि केबल लावलेली असू द्या!

गायकाने तर ओठ हलवण्यावर कधीच भागवू नये. मोठ्याने गावं. नुसते ओठ हलले की गळ्याची शीर ताणली जात नाही, छाती भरत नाही. रेकॉर्डिंगमध्ये श्वास कुठे घेतला होता ते गाण्याच्या कागदावर खुणा करून पाठ करावं आणि तिथेच घ्यावा. अंतऱ्याच्या तोंडाशी हे सर्वाधिक चुकतं.

— वाद्यवृंदातील काही वादक, महाल, नागपूर