पुळणीतली हाडं ढिगाऱ्यात जाऊ देऊ नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी किनाऱ्यालगत खोदकाम होणार. त्यात माणसांची जुनी हाडं निघाली, तर जेसीबीवाल्याने काय करायचं?

कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिच्यात हाडं विरघळून जातात. टिकलीच तर शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या वाळूत, म्हणजे पुळणीच्या पट्ट्यात. रस्ते आणि रिसॉर्ट नेमके तिथेच येताहेत.

आणि हा किनारा किती लोकांचा! सोपारा आणि चौलला दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी गलबतं लागत. नवगावला गलबत फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले असं सांगणारे आपले बेने इस्रायली ज्यू, म्हणजे गावोगावचे शनवार तेली, जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीजमिश्रित बोली आजही बोलणारं कोर्लई. बेने इस्रायलींच्या जनुकांत भारतीय आणि पश्चिम आशियाई असे दोन्ही वारसे असल्याचं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण ते नमुने आजच्या माणसांचे. इथे पुरलेला माणूस इथलाच की समुद्रापलीकडून आलेला, हे त्याचा दात सांगू शकतो. दातावरचं कवच लहानपणी तयार होतं, पुढे बदलत नाही. त्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून तो कुठल्या जमिनीवर वाढला याचा माग लागतो. डीएनए सर्वांत चांगला टिकतो तो आतल्या कानाभोवतीच्या कठीण हाडात.

आपल्या हवेत तोही सहज मिळत नाही. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीचे 61 नमुने तपासले, त्यातल्या एकाच स्त्रीचा डीएनए हाती लागला. आणि उत्तराखंडातल्या रूपकुंड तलावाकाठच्या 38 सांगाड्यांपैकी 14 जण डीएनएवरून पूर्व भूमध्य प्रदेशातले निघाले, हे 2019 पर्यंत कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणून एकेक दात, एकेक हाड मोलाचं आहे.

साहेब, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांना एक परिपत्रक काढा. हाड दिसलं की तिथलं काम थांबवावं. ते धुऊ नये, उघड्या हाताने उचलू नये. पोलीस पंचनामा होताच आपल्याच पुरातत्त्व संचालनालयाला कळवावं. तज्ज्ञ हवेत तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची प्राचीन दफनं त्यांनीच अभ्यासली. हीच अट ठेकेदाराच्या करारातही घाला, नाहीतर परिपत्रक फायलीतच राहील.

मात्र ज्यांचे वारस आज गावात आहेत, त्या कबरींना त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नये. कोण मूळचा आणि कोण उपरा, या भांडणासाठी तर हा अभ्यास मुळीच वापरू देऊ नका.

पहिला जेसीबी पुळणीवर उतरण्याआधी हे व्हावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
चौलचा एक रहिवासी