उतारावरचं पाणी

मुलुंड, मुंबई
८ डिसेंबर

प्रिय नंद्या,

तुझा फोन आला तेव्हा मी चिखलात उभा होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. संगमेश्वरच्या घरापुढे उतारावर हिरवळ करतोयस, फवारे बसवायचेत म्हणालास. आधी माझी फजिती ऐक.

आमच्या सोसायटीची मागची बाग डोंगराकडे चढत जाते. कुंपणापासून खालच्या बाकापर्यंत साडेतीन मीटर उतार. माळीबुवांनी आणि मी पारदर्शक नळीत पाणी भरून मोजला. प्लंबरने ३० मीटर पाइप वरून खाली सरळ सोडला, त्यावर सहा फवारे. महिन्याभरात वरचं गवत पिवळं आणि बाकाशी डबकं. डबकं म्हणजे डास, आणि डास म्हणजे आमच्या सेक्रेटरींचे रोज तीन फोन.

मी खापर प्रेशरवर फोडलं. पण दहा मीटर उंचीला साधारण एक बार (प्रेशरचं माप), म्हणजे आमच्या वरच्या-खालच्या फवाऱ्यांत फरक जेमतेम ०.३५ बारचा. गच्चीवरच्या टाकीमुळे दोन बार मिळतोच. तेवढ्याने फेक कमी-जास्त होईल, तळं कसं साचेल?

एके सकाळी व्हॉल्व्ह बंद केला आणि चहा घेऊन बाकावर बसून राहिलो. वरचे पाच गप्प झाले, खालचा मात्र बुळबुळ गळतोय! पाइपात उरलेलं सगळं पाणी तिथून निघत होतं. २५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरला अर्धा लिटर, म्हणजे दर खेपेला १५ लिटर. त्यात माझं शहाणपण: मुरमावर चार इंचच माती, पाणी जिरेना, म्हणून मी वीस मिनिटांची एक पाळी मोडून पाच-पाच मिनिटांच्या चार केल्या होत्या. विचार चुकीचा नव्हता रे, पण पाइप एकाऐवजी चारदा रिकामा होऊ लागला.

आता सगळं उकरलंय. तीन पाइप उताराला आडवे, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह, वरच्या ओळीला पाणी जास्त, खालच्या ओळीला कमी. फवारे आतच झडप असलेले घेतले. पाणी बंद झालं की तोंड मिटतं. महाग पडले, पण त्यात काटकसर करू नकोस. प्लंबरने ओळंबा लावून फवारे ताठ उभे केले होते, त्यामुळे डोंगराकडची धार थेट मातीत घुसून खड्डे पाडायची. ते उताराला काटकोनात कलवून घे.

आणि गवत पावसाळ्याच्या तोंडावर लावू नकोस, मुळं धरायच्या आत वाहून जाईल.

टाकी घरापासून किती उंच आहे ते मोजून कळव. आणि मे महिन्यात तुझ्या विहिरीत हिरवळीपुरतं पाणी उरतं का, हे काकूंना विचारलंस का? मला वाटतं, त्या सरळ आंब्याची कलमं लाव म्हणतील.

तुझा,
बंड्या