लेबल वाचायला शिकवणाऱ्या वायरमन तात्यांना

तीर्थस्वरूप तात्यांना जेटीवरच्या सगळ्या नाखवा-तांडेलांचा नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै, मासेमारीबंदीचे ६१ दिवस बोटी शाकारलेल्या होत्या, तरी यंदा एकही बॅटरी बसली नाही. हे तुमच्यामुळे झालं. ते चारचौघांत सांगावं म्हणून हे जाहीर पत्र.

तुमचं पहिलंच सांगणं होतं, आधी बॅटरीवरचं लेबल वाचा, मग चार्जरच्या बटणाला हात लावा. बारा व्होल्टच्या, टोप्या उघडून पाणी घालायच्या साध्या बॅटरीला १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात. जेल बॅटरीला, म्हणजे आतलं अ‍ॅसिड घट्ट गोळा केलेल्या बंद बॅटरीला, १४.१-१४.२ पुरे. फरक अर्ध्या व्होल्टचा, पण जेलला साध्याचं सेटिंग दिलं की आत गॅसचे बुडबुडे होतात, घट्ट जेलमध्ये पोकळ्या पडतात आणि त्या पुन्हा बुजत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली. उलट केलं तर साधी बॅटरी अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं. चार्जरवर हिरवा दिवा लागतो आणि पहाटे सेल्फ काही फिरत नाही. हिरव्या दिव्यावर विसंबू नका हे तुम्ही किती वेळा बजावलंत!

हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायची काचेची नळी, धरायची तुमची पद्धत आता पोरांनाही येते. नळी उभी, डोळा अ‍ॅसिडच्या पातळीला, आतला फ्लोट काचेला चिकटलेला नको. भरलेल्या बॅटरीत १.२६५ च्या आसपास यावं. सहा खान्यांत ०.०३० हून जास्त फरक दिसला तरच इक्वलाइझ, म्हणजे सगळे खाने सारखे करायला मुद्दाम चढा चार्ज, तेही फक्त साध्या बॅटरीला. त्या वेळी व्होल्टेज साडेपंधराच्या वर जातं, म्हणून वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडर आधी सोडवायचे, फळ्या उघड्या ठेवायच्या आणि जवळ विडी पेटवायची नाही, कारण निघतो तो हायड्रोजन. एजीएम (काचेच्या तंतूंच्या गादीत अ‍ॅसिड मुरवलेली बंद बॅटरी), जेल आणि लिथियमला ते बटण वर्ज्य.

तापमानाची गोष्ट तर आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. इंजिनरूम ४० अंशांवर गेली की २५ च्या वरच्या दर अंशाला चार्जिंगचे साधारण ०.०३ व्होल्ट उतरवायचे, म्हणजे १४.४ चे जेमतेम १४. चार्जरचा तापमानाचा सेन्सर भिंतीला नको, बॅटरीलाच लावायचा. लिथियमला मात्र हा हिशेब लागू नाही, तिथे सेन्सरची भरपाई बंदच.

चोवीस व्होल्टसाठी जोडलेल्या दोन बॅटऱ्या एकाच जातीच्या आणि एकाच वयाच्या हव्यात, हेही पटलं. जुनी आधी भरते आणि उकळत राहते, नवी तोवर अर्धीच असते.

बंदीत किनाऱ्यावर वीज होती त्यांनी साध्या बॅटऱ्या १३.२ ते १३.५ व्होल्टच्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवणाऱ्या हलक्या चार्जवर, ठेवल्या. बाकीच्यांनी दर तीन आठवड्यांनी १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीला १५ अँपिअर या हिशेबाने चार्ज केल्या. पाणी चार्ज झाल्यावरच घातलं, तेही डिस्टिल्डच.

तात्या, प्रत्येक बॅटरीच्या खोक्यावर तुम्ही ऑइलपेंटने जात आणि व्होल्ट लिहिले होते, ते खाऱ्या हवेने पुसट झालेत. ‘जेल १४.१’ मधला शेवटचा १ हा आकडा तर दिसेनासाच झालाय. नारळी पौर्णिमेच्या आधी एक फेरी मारा. पेंट आणि ब्रश आणून ठेवलेत.

तुमचे,
जेटीवरचे सगळे